करंडक आहेत, सभा कुठे आहे?

सकाळी नऊच्या सुमारास पुण्याच्या धायरी फाट्यावर उभे राहिले, तर पाठीवर सॅक अडकवलेल्या मुलामुलींची रांग हटत नाही. कोणी नऱ्ह्याला निघालेले असते, कोणी आंबेगावला, कोणी वडगावच्या टेकडीवरच्या महाविद्यालयात. रायकर मळा, बेनकर वस्ती, गावठाण अशा सगळीकडे उभ्या राहिलेल्या इमारतींत ही मुले कॉट बेसिसवर राहतात. बरीचशी लातूर, बीड, जळगाव, सांगली अशा जिल्ह्यांतून आलेली. या पट्ट्यात जाहिराती दोन गोष्टींच्या जास्त दिसतात. एक भाड्याच्या खोलीची आणि दुसरी बोलायला शिकवणाऱ्या क्लासची. स्पोकन इंग्लिश, व्यक्तिमत्त्व विकास, मुलाखतीची तयारी, ग्रुप डिस्कशन. मागणी खरी आहे म्हणूनच हे क्लास चालतात. चार वर्षे अभियांत्रिकी शिकलेला मुलगा शेवटच्या वर्षी मुलाखतीला बसतो आणि स्वतःच्याच प्रोजेक्टबद्दल सलग दोन मिनिटे बोलू शकत नाही, हे त्याचे शिक्षकही मान्य करतात.

पण प्रश्न असा, की बोलणे शिकवण्याचे काम महाविद्यालयाच्या हातून निसटून क्लासकडे गेले कसे? याच पुण्यात एकेकाळी महाविद्यालयीन आयुष्य म्हणजे अर्धे वाचन आणि अर्धा वाद असे होते. त्या काळच्या पुणेकरांना वाणीची काही दैवी देणगी मिळाली होती, असे मानून आपण विषय सोडून देतो. ते खरे नाही. तेव्हा बोलण्यासाठी सभा होत्या, त्या नेमाने भरत, आणि बोलणाऱ्याला समोरून उत्तर मिळे. आज उणीव आहे ती या उत्तराची.

सुरुवात मुंबईपासून करावी लागते. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची. त्याच्याही नऊ वर्षे आधी, १८४८ मध्ये, एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी प्राध्यापक पॅटन यांच्या पुढाकाराने स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. दादाभाई नौरोजी तिच्या अग्रभागी होते. एकाने निबंध वाचायचा, बाकीच्यांनी त्यावर बोलायचे, अशी रीत. लवकरच तिला देशी भाषांच्या शाखा फुटल्या. मराठी शाखा म्हणजे उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा आणि तिचे पहिले अध्यक्ष व्याकरणकार दादोबा पांडुरंग. या मंडळींनी चर्चा करून विषय मिटवला नाही. स्त्रीशिक्षणावर बोलता बोलता १८४९ मध्ये त्यांनी मुलींच्या शाळा उघडल्या आणि सोसायटीचे सभासद स्वतःच तिथे बिनपगारी शिकवू लागले. सभेत बोललेला शब्द दुसऱ्या दिवशी अंगावर येतो, ही जाणीव त्या पोरसवदा वक्त्यांना होती.

पुण्यात हा प्रवाह आणला तो न्यायमूर्ती रानड्यांनी. १८६२ मध्ये मुंबई विद्यापीठाचे जे पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांतले ते एक. त्यांच्या पुढाकाराने १८७५ साली सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला आजही वक्तृत्वोत्तेजक सभेतर्फे चालते. संस्थेचे नावच हेतू सांगते. त्याच वर्षी रानड्यांच्या निमंत्रणावरून स्वामी दयानंद पुण्यात आले. त्यांची पंधरा व्याख्याने पुढे छापून निघाली. विद्यार्थ्याला कॉलेजात जे मिळत नसे, ते उन्हाळ्याच्या सुट्टीत हिराबागेतल्या व्याख्यानमालेत मिळे. गावातले वकील, शिक्षक, कारकून आणि कॉलेजातली मुले एकाच सतरंजीवर बसून इतिहास, अर्थकारण, धर्मसुधारणा ऐकत. ध्वनिवर्धक नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचे तर श्वास सांभाळून, शब्द तोडून, नेमके बोलावे लागे.

डेक्कन कॉलेजच्या वसतिगृहात टिळक आणि आगरकरांची मैत्री जमली तीही वादातूनच. देशाला आधी राजकारण हवे की समाजसुधारणा, यावर दोघांचे कधी एकमत झाले नाही. १८८२ साली कोल्हापूरच्या बर्वे प्रकरणात, म्हणजे तिथले कारभारी बर्वे यांच्या बदनामीच्या खटल्यात, शिक्षा होऊन दोघे डोंगरीच्या तुरुंगात गेले. आगरकरांनी त्या १०१ दिवसांवर लिहिलेल्या छोट्या पुस्तकात या न संपणाऱ्या वादांची हकिगत आहे. पुढे मतभेद टोकाला जाऊन दोघे वेगळे झाले, वर्तमानपत्रांतून एकमेकांवर तुटून पडले. तरीही दोघांच्या लेखणीला आणि वाणीला जी धार होती, ती एकमेकांवर घासूनच आलेली होती. पुढे १९०८ च्या खटल्यात ज्युरीपुढे टिळक एकूण २१ तास १० मिनिटे बोलले. त्यांच्या भाषणात अलंकार जवळजवळ नसत. युक्तिवादाची एकही कडी सुटू न देण्याची सवय मात्र जुनी होती.

गोपाळ कृष्ण गोखल्यांचे उदाहरण जरा जवळून पाहण्यासारखे आहे, कारण ते जन्मजात वक्ते नव्हते. कोतळूकसारख्या कोकणातल्या लहानशा गावात जन्मलेला हा मुलगा १८८४ मध्ये एल्फिन्स्टनमधून पदवीधर झाला आणि न्यू इंग्लिश स्कूलमध्ये, मग फर्ग्युसनमध्ये शिकवू लागला. पाठांतर हे त्यांचे मोठे बळ. इंग्रजी गद्याची पानेच्या पाने ते मुखोद्गत करत. पण नुसत्या पाठांतराने गोखले घडले नाहीत. रानड्यांच्या हाताखाली सार्वजनिक सभेचे त्रैमासिक आणि सरकारकडे जाणारे अर्ज तयार करताना त्यांची खरी शाळा झाली. सरकारी अहवाल वाचायचे, आकडे ताडून पाहायचे, मसुदा लिहायचा, रानड्यांनी तो तपासून परत द्यायचा, पुन्हा लिहायचा. वर्षानुवर्षे हे चालले.

आणि तरीही १८९७ मध्ये त्यांना ठेच लागली. वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी ते इंग्लंडमध्ये होते. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तातल्या सोल्जरांनी केलेल्या अत्याचारांबद्दल इथून आलेल्या पत्रांच्या आधारावर ते तिथे जाहीरपणे बोलले. परत आल्यावर पुरावा उभा करता येईना. गोखल्यांनी जाहीर माफी मागितली आणि पुण्यातल्या लोकांचा रोष पत्करला. त्यानंतरचे गोखले पाहिले, म्हणजे या प्रसंगाने त्यांना काय शिकवले ते कळते. २६ मार्च १९०२ रोजी व्हाइसरॉय कर्झनच्या कौन्सिलात त्यांनी अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले, त्यामागे सोलापूरच्या गणेश व्यंकटेश जोशींनी जमवून दिलेली आकडेवारी होती. सरकार शिलकीचा अभिमान मिरवत होते. दुष्काळात होरपळलेल्या रयतेकडून गरजेपेक्षा जास्त कर वसूल होतो म्हणूनच ही शिल्लक उरते, हे गोखल्यांनी सरकारचेच आकडे वापरून दाखवून दिले. या करांतला मिठावरचा कर तेव्हा मणाला अडीच रुपये होता. १९०३ मध्ये तो दोन रुपयांवर आला आणि १९०७ पर्यंत एक रुपयावर. हे श्रेय एकट्या भाषणाचे नाही, पण फर्ग्युसनच्या एका प्राध्यापकाने उभा केलेला मुद्दा सरकारला खोडता आला नाही, एवढे निश्चित.

त्या काळात बोलण्याची मोकळीक होती, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. १९०२ मध्ये सावरकर फर्ग्युसनमध्ये दाखल झाले. वसतिगृहात त्यांच्या मित्रमंडळाच्या बैठका होत, व्याख्याने होत, ‘आर्यन वीकली’ नावाचे हस्तलिखित साप्ताहिक फिरे. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे तिथे बोलले. त्यांचे भाषण ऐकायला मुले मैलभर चालत येत असा तो काळ. होळीत पुढाकार घेतल्याबद्दल सावरकरांना दहा रुपये दंड झाला आणि वसतिगृह सोडावे लागले. प्राचार्य होते रँग्लर र. पु. परांजपे, म्हणजे स्वतः उदारमतवादी आणि उत्तम वक्ते. टिळकांनी ‘केसरी’तून त्यांच्यावर कडाडून टीका केली. दोन वर्षांनी, १९०७ मध्ये, सरकारने रिस्ले परिपत्रक काढून विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना राजकीय सभांपासून दूर ठेवण्याचा बंदोबस्त केला. इतके करूनही मुले बोलायची थांबली नाहीत, कारण बोलण्याची सवय आधीच लागलेली होती.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. या सभांत बोलणारे कोण होते? महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात स्पष्ट म्हटले होते, की उच्च शिक्षणावर खर्च होणारा पैसा रयतेच्या घामाचा आहे आणि त्याचा लाभ मूठभर वरच्या जातींना मिळतो. १८८५ मध्ये मराठी ग्रंथकार सभेचे निमंत्रण त्यांनी पत्र लिहून नाकारले. बायकांची स्थितीही तशीच. मुलींच्या हायस्कुलाच्या मागणीसाठी भरलेल्या सभेत गव्हर्नरांपुढे रमाबाई रानड्यांनी इंग्रजीतून भाषण वाचले, आणि घरी परतल्यावर घरातल्याच बायकांचे टोमणे ऐकले. स्वतःच्या आठवणींत त्यांनी ते लिहून ठेवले आहे. ती मागणी पुरी होऊन १८८४ मध्ये मुलींसाठी हुजूरपागेची शाळा उघडली. पुण्याच्या वक्तृत्वाचा गौरव करताना हा भाग वगळणे म्हणजे अर्धेच खरे सांगणे होय.

पण याच सभांची दारे हळूहळू बाहेरून ढकलली गेली, हेही तितकेच खरे. जमखंडीहून आलेले विठ्ठल रामजी शिंदे फर्ग्युसनमधून १८९८ मध्ये बी. ए. झाले, ऑक्सफर्डला मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास करून आले आणि १९०३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या उदारधर्म परिषदेत भारतातल्या उदारधर्मावर निबंध वाचून परतले. मग आयुष्यभर त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध गावोगाव बोलत हिंडण्याचे काम केले. आणि डॉ. आंबेडकरांची पुण्यातली दोन भाषणे तर कोणत्याही विद्यापीठाने अभ्यासक्रमात लावावीत अशी. २९ जानेवारी १९३९ रोजी गोखले इन्स्टिट्यूटच्या काळे स्मारक व्याख्यानात त्यांनी १९३५ च्या कायद्यातल्या संघराज्य योजनेची चिरफाड केली. इन्स्टिट्यूटचे संचालक तेव्हा धनंजयराव गाडगीळ होते. १८ जानेवारी १९४३ रोजी डेक्कन सभेने रानड्यांच्या जयंतीनिमित्त त्यांना बोलावले. रानड्यांच्या नावाने उभ्या असलेल्या व्यासपीठावर त्यांनी रानड्यांची महती सांगितली आणि त्याच दमात गांधी आणि जिना या दोघांच्या राजकारणावर आणि लोकांच्या विभूतिपूजेवर घणाघाती टीका केली. वर्तमानपत्रांतून गदारोळ उठला. आंबेडकरांनी भाषण पुस्तकरूपाने छापताना प्रस्तावनेत टीकाकारांना उत्तर दिले. निमंत्रण देणाऱ्यांना न आवडणारे बोलण्याची मुभा आणि ऐकून घेण्याची तयारी, दोन्ही त्या दिवशी एका सभागृहात होते.

जगात इतरत्रही हाच अनुभव आहे. ऑक्सफर्ड युनियन या विद्यार्थ्यांच्या वादसभेने फेब्रुवारी १९३३ मध्ये राजासाठी आणि देशासाठी लढणार नाही, असा ठराव २७५ विरुद्ध १५३ मतांनी मंजूर केला, तेव्हा इंग्लंडभर संताप उसळला. ठराव चूक की बरोबर यावर आजही वाद घालता येईल. मुद्दा असा, की तिथे दोन्ही बाजू ऐकून मग सभागृहाने मत दिले होते. परीक्षकांनी गुण दिले नव्हते.

पुणे विद्यापीठ स्थापन झाले १९४९ मध्ये. पहिले कुलगुरू बॅरिस्टर मु. रा. जयकर, ज्यांच्या नावाचे ग्रंथालय आजही विद्यापीठात आहे. वकिलीत आणि कायदेमंडळात वाणीवर नाव कमावलेला हा माणूस. पुढच्या दीड दशकात त्या खुर्चीवर बसलेल्यांत रँग्लर परांजपे, दत्तो वामन पोतदार आणि काकासाहेब गाडगीळ होते. चौघेही सभा जिंकणारे. महाविद्यालयांची वाङ्मय मंडळे, वादविवाद सभा तेव्हा भरात होत्या. आचार्य अत्रे फर्ग्युसनमधून आलेले. याच महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारे ग. प्र. प्रधान पुढे विधान परिषदेत विरोधी पक्षनेते झाले, पण बोलण्याची ढब शेवटपर्यंत वर्गातल्या शिक्षकाची राहिली. पुण्याबाहेर फलटणच्या मुधोजी महाविद्यालयाचे प्राचार्य शिवाजीराव भोसले, नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे नरहर कुरुंदकर, वणीचे राम शेवाळकर. तालुक्याच्या गावातला प्राध्यापक राज्यभर ऐकला जाई. कुरुंदकरांना ऐकून घरी गेलेला माणूस त्यांच्याशी मनातल्या मनात भांडत राही. वक्त्याची हीच खरी कसोटी.

मग हे आटले कशाने? दूरदर्शन आणि मोबाइलला दोष देणे सोपे आहे. त्याआधीच वादविवाद सभांची जागा करंडक स्पर्धांनी घेतली होती. आजची वक्तृत्व स्पर्धा कशी चालते ते पाहावे. विषय महिनाभर आधी जाहीर होतो. शिक्षक भाषण लिहून देतात. मुलगी ते तोंडपाठ करते, चढउतार, हातवारे बसवते. ‘सन्माननीय व्यासपीठ, परीक्षक आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो’ असे म्हणून एखाद्या कवितेच्या ओळीने सुरुवात. पाच मिनिटे झाली की इशारा, सहाव्या मिनिटाला घंटा. मग पुढचा स्पर्धक, तोच विषय, जवळजवळ तेच मुद्दे. परीक्षकाच्या कागदावर विषयमांडणी, भाषा, आवाज, देहबोली असे रकाने असतात. ‘तुमचा तिसरा मुद्दा चुकीचा आहे’ असे सभागृहातून कोणी म्हटले तर काय, याला रकाना नाही, कारण तसे म्हणण्याची सोयच नाही. प्रेक्षकांत बसलेले असतात ते आपल्या क्रमांकाची वाट पाहणारे स्पर्धक. या मुली-मुलांच्या मेहनतीबद्दल आदरच आहे. त्यांना जे दिले जात आहे ते मात्र पाठांतर आहे, आणि गोखल्यांच्या उदाहरणात दिसले तसे पाठांतर ही फक्त पहिली पायरी.

दुसरा आघात निवडणुका थांबल्याचा. हाणामाऱ्या, पैसा आणि खून यांमुळे महाविद्यालयीन निवडणुका बदनाम झाल्या हे खरे. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर थेट निवडणुका बंद होऊन गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आली. २०१६ च्या कायद्याने निवडणुकांची वाट पुन्हा मोकळी केली, २०१९ मध्ये त्या घेण्याचे जाहीरही झाले, पण विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर त्या पुढे ढकलल्या गेल्या. सर्वांत जास्त गुण मिळवणारा मुलगा वर्गाचा प्रतिनिधी होतो, तेव्हा त्याला वर्गाशी बोलावे लागत नाही. मते मागायची तर बाकाबाकावर जाऊन पटवून द्यावे लागते. तो सराव दोन-तीन पिढ्यांना मिळालेला नाही.

धायरी-नऱ्हे-आंबेगावच्या महाविद्यालयांना यात काय करता येईल? फार काही लागत नाही. आठवड्यातून एक तास, शनिवारी दुपारी, एक वर्गखोली. बोलणे मराठीत, ज्याला इंग्रजीत बोलायचे त्याने इंग्रजीत बोलावे. एक प्रस्तावक, एक विरोधक, दोघांना दहा-दहा मिनिटे, आणि सभागृहाला चाळीस. करंडक नाही, प्रमाणपत्र नाही. अध्यक्ष दर आठवड्याला वेगळा आणि विद्यार्थ्यांतलाच. लातूरहून आलेल्या मुलाची बोली इथल्या प्रमाण भाषेपेक्षा वेगळी म्हणून कोणी हसले, तर अध्यक्षाने सभा थांबवावी. कारण गावाकडची मुले आजही व्यासपीठावर चढायला कचरतात ती या हसण्याच्या भीतीने, आणि फुल्यांनी दाखवलेली भिंत भाषेच्या रूपाने अजून उभी आहे.

विषयांना या पट्ट्यात तोटा नाही. धायरी २०१७ मध्ये महापालिकेत आली. समाविष्ट गावांनी भरायचा मिळकतकर आणि मिळणाऱ्या सुविधा यांचा मेळ बसत नाही, अशी तक्रार तेव्हापासून चालू आहे. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या याच भागात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी इथे जीबीएस (गुलेन बॅरे सिंड्रोम) या आजाराचे रुग्ण आढळले आणि विहिरीच्या पाण्यावर बोट ठेवले गेले. टँकरचे पाणी तपासते कोण, अहवाल कुठे मिळतो, क्लोरिनचे प्रमाण किती असावे लागते, हे शोधून काढून त्यावर दहा मिनिटे बोलायला सांगितले, तर स्थापत्य आणि रसायन शिकणाऱ्या मुलांना त्यांचे पुस्तकच वेगळे दिसू लागेल. स्थानिक नगरसेवकाला, पाणीपुरवठा खात्याच्या अभियंत्याला समोर बसवावे. त्यांनीही उत्तर द्यावे.

पहिला ठराव असा मांडता येईल: समाविष्ट गावांत पुरेसे पाणी येईपर्यंत महापालिकेने पूर्ण मिळकतकर घेऊ नये. प्रस्तावकाने महापालिकेचे अंदाजपत्रक वाचून यावे, विरोधकाने कर बुडाला तर जलवाहिनीचा खर्च कुठून निघेल याचा हिशेब आणावा. मतदान हात वर करून. आणि पुढच्या शनिवारी दोघांनी बाजू बदलून, त्याच ठरावावर, पुन्हा बोलावे.